आधीची फाइल आणलीत का?

गेल्या शनिवारी आमच्या कन्यारत्नाच्या दातांच्या तारा निघाल्या. घरी येताना तिने गाडी थांबवायला लावली, भाजलेलं कणीस घेतलं आणि सगळा सूड उगवल्यासारखं पाच मिनिटांत संपवलं. किती दिवसांनी तिला तोंडावर हात न ठेवता हसताना पाहिलं! हुश्श.

एकूण लागले ३१ महिने. सुरुवातीला आम्हाला सांगितले होते १८. आता सॉफ्टवेअरवाल्याने दुसऱ्याच्या डेडलाइनवर बोलायचं म्हणजे 'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून' असा प्रकार आहे. पण हे जास्तीचे १३ महिने दातांमुळे गेले नाहीत, ते दातांभोवतीच्या व्यवस्थेमुळे गेले. आणि त्यातला काही दोष माझाही आहे. म्हणून आजचा हा वीकेंडचा लेख.

तर झालं असं की, घराजवळच्या दवाखान्यात लेकीला नेलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. वरचे दात पुढे, खाली दाटीवाटी. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑर्थोडॉन्टिस्ट येतात, ते बघतील." ते आले, त्यांनी बघितलं. चार उपदाढा काढाव्या लागतील म्हणाले, वरच्या दोन, खालच्या दोन. अर्धे पैसे आधी, उरलेले सहा हप्त्यांत. मी सही केली.

घरी आल्यावर आईने आघाडी उघडली. "अरे, चांगले धडधाकट दात उपटायचे? लोक पैसे देऊन दात वाचवतात!" मलाही ते पटलं नव्हतंच, म्हणून सवयीप्रमाणे वाचायला बसलो. वाचल्यावर कळलं की आमच्या स्वयंपाकघरातलं हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा जनक मानला जाणारा एडवर्ड अँगल (दात कसे जुळत नाहीत याचं त्याने १८९९ साली केलेलं वर्गीकरण आजही वापरतात) अगदी माझ्या आईच्या पक्षातला होता. सगळे दात राखूनच उपचार करायचा, हा त्याचा दंडक. चार्ल्स ट्वीड हा त्याचाच शिष्य. गुरूच्या पद्धतीने त्याने प्रामाणिकपणे रुग्ण बरे केले, आणि काही वर्षांत बऱ्याच जणांचे दात पुन्हा बिघडलेले, पुढे आलेले त्याला दिसले. मग त्याने अशा रुग्णांच्या उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि १९४० साली शंभर जणांचे आधीचे-नंतरचे पुरावे आपल्याच व्यवसायबंधूंपुढे मांडले. स्वतःच्याच चुकांची जाहीर यादी! आमच्या धंद्यात बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये आहे हे सिद्ध करण्यात आठवडा जातो, त्यामुळे मला या माणसाचं फार कौतुक वाटलं. पुढे उलटं टोकही गाठलं गेलं आणि भरमसाठ दात काढले गेले, हा भाग वेगळा. आज विचारी डॉक्टर एक्स-रे आणि साचे मोजून प्रत्येकाचं वेगळं ठरवतात. असो. आईला मी एवढंच सांगितलं की जबड्यात जागा नसेल तर कुठूनतरी ती आणावी लागणारच. बसमध्ये नाही का, कुणीतरी उतरल्याशिवाय बाकीचे नीट बसत नाहीत!

दुसरी गोष्ट कळली ती वेगाबद्दल. तार दाताला ओढते असं आपल्याला वाटतं, पण खरं काम हाड करतं. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी विरघळवतात, ज्या बाजूला ताण येतो तिथे नवीन हाड भरतं. दात जातो महिन्याला साधारण एक मिलिमीटर. उपदाढेची जागा सुमारे सात मिलिमीटरची, करा हिशेब. जोर वाढवून काम लवकर होत नाही, उलट मुळांना इजा होऊ शकते. नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल होत नाही, हे आमच्या मॅनेजरांना ऐकवायचं वाक्य इथे अक्षरशः लागू पडतं.

म्हणजे अठरा-वीस महिने लागणार हे ठरलेलंच. आणि एवढे महिने लागणार म्हटल्यावर खरा प्रश्न कोणती तार आणि कोणता ब्रॅकेट हा राहत नाही. एवढे महिने या कामावर लक्ष कोण ठेवणार, हा खरा प्रश्न. नेमका तोच मी विचारला नव्हता.

नऊ महिने सगळं सुरळीत चाललं. मग पहिल्या रविवारी डॉक्टर आलेच नाहीत. "पुढच्या महिन्यात येतील." पुढच्या महिन्यात दुसरेच कुणीतरी आले, रबराची साखळी बदलून गेले. मग तेही नाहीत. पाच महिने असेच गेले. हप्ते तर सातव्या महिन्यातच संपले होते. एके दिवशी लेक आरशासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, खड्डे बुजतायत, पण पुढचे दात मागे जातच नाहीयेत. तू बघ ना." मी बघितलं. तिचं बरोबर होतं.

शेवटी ओळखीतून एका ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "आधीची फाइल आणलीत का?"

फाइल कसली? दवाखान्यात चौकशी केली तर सुरुवातीचे साचे सापडेनात आणि एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा मिळाला. ब्रॅकेट कोणत्या मापाचे हेही कुणाला सांगता येईना. आता ब्रॅकेटमधली खाच दोन मापांची असते, ०.०१८ इंच आणि ०.०२२ इंच. फरक चार हजारांश इंचाचा, पण पुढच्या सगळ्या तारा त्यावर ठरतात. शिवाय दात किती कलवायचा, किती पिळायचा हे ब्रॅकेटमध्येच घडवलेलं असतं (ही १९७० च्या दशकातली लॉरेन्स अँड्र्यूज यांची देणगी), आणि त्याचेही निरनिराळे प्रकार आहेत. थोडक्यात, डॉक्युमेंटेशन नसलेला जुना कोड! बाईंनी तेच केलं जे मी केलं असतं. ब्रॅकेट काढून नवे बसवले.

खरं नुकसान वेगळंच होतं. पुढचे दात मागे ओढताना मागच्या दाढांचा खुंट्यासारखा आधार घ्यावा लागतो. लक्ष नसेल तर खुंटाच पुढे सरकतो आणि ज्या जागेसाठी चार दात काढले तीच जागा दाढा खाऊन टाकतात. आमच्याकडे हेच होऊ लागलं होतं. मग हाडात दोन बारीक स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात मागे घेतले. आणखी १७ महिने. नववीचं वर्ष त्यात गेलं. गॅदरिंगच्या फोटोत ती मागच्या रांगेत आहे, ओठ घट्ट मिटून.

मला त्या पहिल्या डॉक्टरांना खलनायक करायचं नाही. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करायचं, मग स्वतःचा दवाखाना टाकायला खुर्ची, जागा, एक्स-रे, सगळ्याला पैसा. म्हणून तरुण तज्ज्ञ पाच-सहा दवाखान्यांत फिरतात. त्यामुळेच लहान गावांतही तज्ज्ञ पोचतात, हे चांगलंच आहे. पण मग रुग्ण कुणाचा? दवाखानेवाले म्हणतात केस सरांची, सर म्हणतात पेशंट दवाखान्याचा. माझं ठाम मत असं की ज्याने पैसे घेतले आणि ज्याच्या पाटीखाली उपचार सुरू झाले, तो दवाखाना शेवटपर्यंत जबाबदार. तज्ज्ञ बदलू शकतात, पण नोंदी बदलू नयेत, हरवू तर अजिबात नयेत.

पैशांचंही तेच. काम दोन वर्षांचं आणि पैसे सात महिन्यांत पूर्ण, या गणितात कुणाची नियत वाईट असावी लागत नाही. हळूहळू लक्ष आपोआप नव्या केसकडे जातं. फिक्स्ड-बिड प्रोजेक्टमध्ये पैसे आल्यावर शेवटच्या टप्प्याचं काय होतं ते मी वीस वर्षं बघतोय. हप्ते उपचाराच्या लांबीएवढे पसरावेत आणि शेवटचा हप्ता तारा निघाल्यावर द्यावा. दोघांच्याही भल्याचं आहे.

ऑफिसातला एक मित्र यावर म्हणाला, "तू जुनाट आहेस. अलाइनर घ्यायचे, सगळं सॉफ्टवेअर करतं." अलाइनर हे तंत्र चांगलंच आहे. १९९७ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कंपनीने ते जगभर नेलं. दर टप्प्याला दात पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवणारे पारदर्शक साचे, दिवसातले २०-२२ तास घालायचे. पण पडद्यावर दात सरकताना दिसतो ती योजना असते. दाताने ती वाचलेली नसते! प्रत्यक्षात काय झालं हे कुणीतरी तोंडात डोकावून बघावं लागतं. ते 'कुणीतरी'च काढून टाकून घरपोच अलाइनर विकणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेल्यांना 'तुमच्या दंतवैद्याला भेटा' एवढाच सल्ला मिळाला. आमच्या पहिल्या रविवारचीच ही मोठी आवृत्ती.

तेव्हा मंडळी, मुलांना तारा लावायला नेणार असाल तर ब्रँडची चौकशी नंतर करा. आधी विचारा की योजना कोण आखणार आणि दर भेटीत तोंडात कोण बघणार? ते नसले तर कोण? साचे, फोटो, एक्स-रे यांची प्रत आम्हाला मिळेल का? आणि नंतरचा रिटेनर पैशांत धरलाय का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. बाईंनी तर न मागता सगळं पेनड्राइव्हवर दिलं. ऑफिसात कुणी नोकरी सोडताना हँडओव्हर झाल्याशिवाय त्याला दारातून बाहेर न सोडणारा मी, स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हे विचारायला विसरलो, याची मात्र लाज वाटते.

आता रिटेनर. तारा निघाल्या म्हणजे संपलं असं नाही. दात जुन्या जागी परतायला टपलेलेच असतात, आणि वयाबरोबर खालचे पुढचे दात तसेही दाटत जातात. त्यामुळे रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षं. काल जेवताना तिने तो काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला होता. आईने ताटं उचलता उचलता कागद म्हणून कचऱ्यात टाकला. बादली मी उपसली. सापडला.

डबी आता फ्रिजवर ठेवली आहे, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'टाकू नये.'