छोट्या घराचे भाडे : हिशेब आणि कागद

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे नांदत असत. एक खोली, फार तर पुढे पडवी. नळ आणि संडास सामाईक. ज्या व्यापाऱ्याच्या हाती हंगामाअखेर चार पैसे उरत, तो वाड्यावर एखादा मजला चढवी आणि खोल्या भाड्याने देई. दुकान मुलांसाठी व भाडे म्हातारपणासाठी, अशी ती सरळ वाटणी होती. लहान घरे घेऊन भाड्याने देण्याची कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. पण या शहराला ती कित्येक पिढ्यांपासून ठाऊक आहे. तिच्यातून मिळालेला धडा मात्र विस्मरणात गेला आहे.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार ठरविला. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण मिळावे, हा हेतू योग्यच होता. परंतु भाडे जागच्या जागी थांबले आणि विटा, सागवान, गवंड्याची मजुरी वाढत राहिली. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही आणि वाडा खचत गेला. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका ज्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यांतील कित्येकांची कहाणी हीच आहे. मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी परवान्याचा मार्ग धरला. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे हक्क दिले. त्यानंतर अनेकांनी रिकामे घर कुलूपबंद ठेवणेच पसंत केले.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि चित्र पालटले. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळविण्यासाठी कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरही जागा अडवून धरणाऱ्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मात्र या संरक्षणाची दुसरी बाजू कलम ५५ मध्ये आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा कागद नोटरीपुढे केला की काम झाले, ही समजूत व्यापारी घरांतही रूढ आहे. ती चुकीची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. महापालिका हद्दीतील नोंदणी फी अवघी एक हजार रुपये आहे व नोंदणी ऑनलाइनही होते. एवढा खर्च वाचविण्यासाठी तीस लाखांची मालमत्ता पणाला लावणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

आता हिशेब. समजा, एका कुटुंबाने तीस लाखांचे एका खोलीचे घर घेतले व भाडे दहा हजार ठरले. वर्षाचे एक लाख वीस हजार, म्हणजे चार टक्के, असे तोंडी गणित दलाल मांडतो. ते अपुरे आहे. पुण्यात खरेदीवर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी धरली, तर प्रत्यक्ष गुंतवणूक बत्तीस लाख चाळीस हजार होते. लहान घरातील बिऱ्हाड लवकर बदलते, म्हणून वर्षातील एक महिना रिकामा धरावा. हाती एक लाख दहा हजार राहतात. त्यातून मालमत्ता करापोटी सहा हजार, सोसायटीचे अठरा हजार, दलाली व नोंदणीचे आठ हजार आणि रंगरंगोटी-दुरुस्तीचे सहा हजार वजा केले, तर उरतात बहात्तर हजार. म्हणजे सव्वादोन टक्क्यांहूनही किंचित कमी. येथे आणखी एक बारकावा आहे. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती जाते.

प्राप्तिकराचा नियमही समजून घ्यावा. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते. सोसायटीचा खर्च वेगळा वजा होत नाही. घर पत्नीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण पैसा पतीचा असेल तर भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

कर्ज काढून असे घर घेण्याचा विचार तर दहादा करावा. वीस लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी सुमारे एक लाख सत्तर हजार व्याज होते; खर्च वजा जाता उरणारे भाडे त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. नव्या करप्रणालीत हा तोटा इतर उत्पन्नातून वजाही करता येत नाही. फरक दर महिन्याला दुकानाच्या गल्ल्यातून जातो आणि हंगामात माल उचलायच्या वेळी भांडवल कमी पडते.

एकाच प्रकारच्या राहणाऱ्यांवर विसंबू नये, हाही बोध पुण्याने घेतला आहे. सदाशिव व नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्यांचे उत्पन्न कागदावर उत्तम दिसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, विद्यार्थी गावी गेले आणि खोल्या ओस पडल्या. सोसायटीची वर्गणी व कर मात्र थांबले नाहीत.

मग लहान घर घेऊच नये काय? तसे नाही. ज्याचा पैसा स्वतःचा आहे, धंद्याला तो लागणार नाही आणि घर दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याच्यासाठी ती शांत मिळकत ठरू शकते. किंमत वाढलीच, तर तो वेगळा लाभ. तो विक्रीच्या दिवशीच मोजावा, रोजच्या उत्पन्नात धरू नये. शिवाय घराची एक खोली अडीअडचणीला तोडून विकता येत नाही. अडकलेला माल म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

घरातील कर्ते गृहस्थ अकस्मात गेले, की मागे राहिलेल्या गृहिणीच्या हाती बहुधा किल्ल्यांचा जुडगा येतो. कोणत्या खोलीत कोण राहतो, अनामत किती घेतली, मुदत केव्हा संपते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. दिवाळीच्या वहीपूजनाला नवी वही मांडताना एक पान भाड्याच्या घरांसाठी राखावे. त्यावर कराराची तारीख, अनामत रक्कम, वर्षाची जमा आणि खर्च लिहावा, आणि ते पान पत्नीला व मुलांना एकदा समोर बसवून वाचून दाखवावे.