मच्छेच्या कुंपणाला करवंदच
लडाखच्या सीबकथॉर्नचं आंबटगोड सरबत चाखल्यावर बेळगावजवळच्या मच्छेतल्या एखाद्या बागप्रेमीला ते झुडूप परसात लावावंसं वाटलं, तर नवल नाही. लेहमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं त्याच्या नारिंगी फळांवर बरंच काम केलं आहे. फळांत क जीवनसत्त्व भरपूर, आणि मुळांवरच्या गाठींतले फ्रँकिया जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. पण यात नर आणि मादी झाडं वेगळी! परागकण वाऱ्यावर जातात. जवळपास नर नसेल तर मादीला फळच धरत नाही. शिवाय त्याला हाडं गोठवणारी थंडी लागते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, बेळगाव जेमतेम साडेसातशे, वर इथला चार महिन्यांचा पाऊस. तेव्हा मच्छेत कुंपणाला करवंदच लावावं. तेही काटेरी, तेही आंबट, आणि खानापूर-जांबोटीच्या रानात आपसूक वाढणारं. त्याची फुलं द्विलिंगी, त्यामुळे जोडी जुळवायला नको. बी मात्र साठवू नये, त्याची उगवणशक्ती लवकर जाते. मे महिन्यात पिकलेल्या फळातलं बी धुऊन लगेच पिशवीत पेरावं आणि रोपं पुढच्या पावसाळ्यात बांधावर हलवावीत. फळं धरू लागली की कच्ची लोणच्याला, काळी झालेली पोरांना.