ऑपरेशन झालं, पुढे काय?

मोबाइलवर एक व्हिडिओ अधूनमधून येतो. बाळाच्या कानामागचं यंत्र सुरू होतं, आईची हाक ऐकून बाळ हसतं, आणि आपण सगळ्याजणी पदराने डोळे पुसून तो पुढे पाठवतो. मीही पाठवलाय. आता पाठवत नाही.

आमच्या बेळगावच्या घरातच ते यंत्र आलं. माझ्या पुतण्याची मुलगी, ताट पडलं तरी दचकायची नाही. 'हिचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?' असं म्हणण्यात दोन वर्षं गेली. म्हणणाऱ्यांत मीही होते. कुणी पूर्वकर्म काढलं. अहो, कर्माचं नाव घेऊन आपला आळस कशाला झाकायचा?

बाळाच्या कानांची तपासणी जन्मल्याबरोबर होऊ शकते. सुई नाही, दुखणं नाही, बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, असं तज्ज्ञ सांगतात. बारशाच्या जेवणाचा बेत आठ दिवस ठरवणारे आपण, ही तपासणी झाली का, एवढंही विचारत नाही.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण आतल्या कानातल्या नाजूक पेशीच निकामी असतील, तर मोठा आवाज पुरत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालतं. कानामागचा भाग आवाज टिपतो, आणि कातडीखाली बसवलेला भाग त्याचे विद्युत संकेत थेट श्रवणाच्या नसेपर्यंत पोचवतो. मोठीच करामत आहे, नाकारत नाही.

पण यंत्र आवाज देतं, अर्थ देत नाही. सुरू केलं त्या दिवशी आमच्या पोरीने भोकाड पसरलं. आवाज म्हणजे काय, हेच तिला ठाऊक नव्हतं. ते शिकवलं तिच्या आईने. कुकर, नळ, दाराची कडी, एकेक आवाज दाखवायचा, नाव सांगायचं, पुन्हा सांगायचं. शिकवणाऱ्या बाई कन्नड बोलणाऱ्या, घरात मराठी; प्रत्येक धडा घरी येऊन पुन्हा मराठीत. तीन वर्षं हे चाललं. बापाने फी भरली आणि सगळ्यांकडून शाबासकी घेतली.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू मुलांना इम्प्लांट मिळतं. चांगलंच आहे. पण बाहेरचं यंत्र पडतं, घामाने बिघडतं, वॉरंटी संपते. आमचं बंद पडलं तेव्हा दुरुस्तीला दीड महिना लागला. तेवढ्यात पोर बोलायचं सोडून खुणा करायला लागली. आमच्याकडे पैसे होते. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांच्या मुलाने यंत्र खुंटीला टांगून ठेवायचं का?

म्हणून म्हणते, ऑपरेशनच्या फोटोपुरतं कौतुक नको. सरकारने दुरुस्तीचा, बॅटरीचा आणि पुढच्या शिकवणीचा खर्चही उचलावा. बापांनी धड्याला बसावं. आणि आम्हा आज्यांनी 'बोलेल हो उशिरा' म्हणणं थांबवावं.

परवा मी पेपर वाचत बसले होते. पोर आतून ओरडली, "आज्जी, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर!"

मला ऐकूच आल्या नव्हत्या.