२२ सेकंदांत गाठलेला उजेड



रात्री सारी वस्ती झोपलेली असताना कुठेतरी धडाम् असा आवाज होतो. आपण दचकून उठतो, दार उघडून पाहतो, तर बाहेर काळोख. शेजारच्या गल्लीत लहानसा फटाका फुटला की दूर कुठे मोठा स्फोट झाला? नुसत्या आवाजावरून हे सांगता येत नाही. त्यासाठी धूर विरण्याआधी जागेवर पोहोचावे लागते. आकाशातल्या अशाच एका स्फोटाचा ‘धूर’ गाठायला शास्त्रज्ञांना ३० वर्षे लागली. त्याची ही हकिकत.

१९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांनी हवेत, पाण्याखाली व अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. कोणी चोरून चाचणी करतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, त्या एक्स-रेपेक्षाही हे किरण प्रखर असतात. २ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. पण तो अणुबॉम्बचा नव्हता. पुढे असे आणखी झोत सापडले. ते पृथ्वीवरून आलेले नव्हते, सूर्यापासूनही नव्हते. १९७३ साली ही बातमी जगापुढे आली.

अडचण अशी, की झोत काही सेकंदांत संपे आणि तो नेमका कोठून आला हे उपग्रहाला नीट सांगता येत नसे. दुर्बीण वळवेपर्यंत सारे शांत! मग वाद सुरू झाला. हे स्फोट आपल्याच आकाशगंगेच्या आसपासचे आहेत, असे काहींचे म्हणणे. ते अतिदूरच्या दीर्घिकांमधले आहेत, असे इतरांचे. १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये या प्रश्नावर जाहीर वादविवाद झाला. डोनाल्ड लॅम्ब यांनी ‘जवळ’ची बाजू मांडली, तर बोहदान पाचिन्स्की यांनी ‘दूर’ची. दोघेही मोठे विद्वान. पण निकाल विद्वत्तेने लागणार नव्हता, पुराव्याने लागणार होता.

तो पुरावा २८ फेब्रुवारी १९९७ रोजी हाती आला. इटली व नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एका झोताची जागा काही तासांतच बरीच नेमकी कळवली. स्फोटानंतर २१ तासांच्या आत ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्या जागेचा फोटो घेतला. ८ मार्चला पुन्हा फोटो घेतला. पहिल्या फोटोतला एक प्रकाशबिंदू दुसऱ्यात दिसेना! हाच तो विरत गेलेला धूर. त्याला ‘पश्चदीप्ती’ म्हणतात. मे महिन्यात दुसऱ्या एका स्फोटाच्या पश्चदीप्तीचे अंतर हवाई बेटावरील केक दुर्बिणीने मोजले. त्या प्रकाशाला इथे यायला सुमारे ७०० कोटी वर्षे लागली होती. पाचिन्स्कींची बाजू खरी ठरली. हे अंतर मोजणाऱ्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

धूर सापडला, पण प्रत्यक्ष जाळ? तो टिपला एका लहानशा यंत्राने. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामॉसला ‘रोट्से’ नावाचे यंत्र लावले होते. त्यात राक्षसी आरसा नव्हता. क्रिकेटच्या सामन्यात छायाचित्रकार वापरतात तशी कॅमेऱ्याची चार लांब भिंगे होती. उपग्रहाचा निरोप आला की संगणक ती आपोआप वळवी. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटे निरोप आला आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत पहिला फोटो निघाला. ४७ व्या सेकंदाला तो बिंदू दसपटीहून अधिक तेजस्वी झाला. हातात धरायच्या साध्या दुर्बिणीतूनही दिसला असता एवढा! दहा मिनिटांत तो शंभरपटीहून अधिक मंदावला. हा प्रकाश ९०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला. आपली पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांची. म्हणजे तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

इतका उजेड येतो कोठून? सूर्याहून खूप मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा कोसळतो व कृष्णविवर बनते. त्या वेळी द्रव्याचे दोन झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर पडतात. ते भोवतालच्या वायूवर आदळले, की पश्चदीप्ती उजळते. अनेक झोतांचे मूळ हेच आहे. १९ मार्च २००८ चा असा एक स्फोट तर अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ, काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी होता. त्याचा प्रकाश ७५० कोटी वर्षे प्रवास करून आला होता.

मोठ्या दुर्बिणीला जे जमले नाही, ते चार भिंगांना कसे जमले? मोठी दुर्बीण आकाशाचा एवढासा तुकडा पाहते, आणि जागा नेमकी कळेपर्यंत तिला थांबावे लागते. लहान भिंगांना एकाच वेळी मोठा पट्टा दिसतो. जागा ढोबळ कळली तरी चालते. पण अंतर मोजायला पुन्हा मोठी दुर्बीणच लागते. ज्याचे काम त्याने वेळेवर केले, म्हणून ३० वर्षांचा प्रश्न सुटला.

घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना हे अवश्य वाचून दाखवा. वाद कितीही मोठ्या माणसांचा असो, “पुरावा काय?” हे विचारायची सवय त्यांना आतापासूनच लागू द्या.