पाना कोणाच्या हातात?

लूना चालविणारा आणि लूनाचा प्लग साफ करणारा ही दोन माणसे कधीच नव्हती. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने बाजारात आणलेली आणि पुढे वर्षानुवर्षे नगरच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिलेली ही पन्नास सीसीची चिमुकली गाडी वाटेत बंद पडली, तर स्वार ती झाडाच्या सावलीत स्टँडवर लावी, प्लगपान्याने प्लग खोली, त्याच्या टोकावर धरलेली काजळी काचपेपरने घासून काढी आणि प्लग परत बसवून पायडल मारी. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला असेल, तर एखादी बारीक तार कामी येई. यांतले काहीच साधले नाही, तर सायकलीप्रमाणे पायडले मारीत घर गाठण्याची सोय गाडीतच होती. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, दूध घालणारे शेतकरी अशा सामान्यांनी ही गाडी वापरली. त्यांच्यापैकी यंत्रविद्या शिकलेले विरळाच. परंतु आपली गाडी कशाने चालते आणि कशाने थांबते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

नगर जिल्ह्याचे चाकाशी नाते जुने आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यान. लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय येथे आहे; लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व त्यांची कसोटी घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही येथेच आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लूनाचे नावही विजेवर चालणाऱ्या नव्या गाडीच्या रूपाने परत आले. अशा या जिल्ह्यात, आपण पैसे मोजून घेतलेले यंत्र उघडून पाहण्याचा अधिकार मालकाला उरला आहे काय, असा प्रश्न विचारण्याची वेळ यावी, हे काहीसे विचित्र आहे. तथापि प्रश्न खरा आहे, आणि तो दिसतो त्याहून मोठा आहे.

आजची दुचाकी लूनापेक्षा सर्वार्थाने सरस आहे, याविषयी वाद नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली, दुचाकींतून कार्बोरेटर मोठ्या प्रमाणावर हद्दपार झाला आणि इंधन किती व केव्हा सोडायचे, हे संगणक ठरवू लागला. धूर कमी झाला, हे इष्टच झाले. परंतु पूर्वी बिघाडाचा आवाज कानाला कळे, वास नाकाला कळे. आता फलकावर एक पिवळा दिवा लागतो आणि त्या दिव्याचा अर्थ वाचण्याचे साधन ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे गाडी ढकलीत न्यावी लागते. अनेकदा बिघाड किरकोळ असतो. एखाद्या सेन्सरच्या जोडणीत पाणी गेलेले असते, उंदराने तार कुरतडलेली असते. मात्र तो किरकोळ आहे, एवढे कळण्यासाठीच फेरा घालावा लागतो. दुरुस्तीची कृती तितकी अवघड झालेली नाही. दुरुस्तीचे ज्ञान कुलूपबंद झाले आहे. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे.

हंगाम थांबत नाही

शहरात वाहन चार दिवस कार्यशाळेत पडून राहिले, तर माणूस रिक्षा करतो, कुरकुरतो आणि विसरतो. जामखेडहून नगर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागातून ते त्याहूनही लांब. जूनमध्ये एक दमदार पाऊस पडतो, जमिनीला वाफसा येतो आणि पेरणीचे मोजके दिवस हाती लागतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत चार दिवस गेले, तर शेतकऱ्याचा तो सबंध हंगाम हातचा जाऊ शकतो. ज्या गोठ्यात दूध काढण्याचे यंत्र बसविलेले आहे, तेथे यंत्र थांबले म्हणून गाय थांबत नाही. उन्हाळ्यात पाणबुडी पंपाचा स्टार्टर जळाला, तर उभा ऊस सुट्या भागाची वाट पाहत बसत नाही. ज्या जिल्ह्याची उपजीविका अशा यंत्रांवर चालते, त्याच्या दृष्टीने दुरुस्तीचा अधिकार ही चैनीची मागणी नव्हे.

या अधिकाराचा विचार सरकारदरबारी झालेला नाही, असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात विकले जात नाहीत, तसेच दोष शोधण्याची साधने व माहितीपत्रके स्वतंत्र कारागिरांना मिळत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वकिलांच्या स्वाधीन झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम हाती घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ निघाले. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे गुणांकन छापणे बंधनकारक झाले. आपल्याकडेही अशा निर्देशांकाची शिफारस झालेली आहे. शिफारशी स्वागतार्ह आहेत. मात्र शिफारशीपासून तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागापर्यंतचे अंतर पुष्कळ असते, आणि ते आपोआप कापले जात नाही.

कंपन्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. कोणीही यंत्र उघडू लागला तर अपघात होतील, प्रदूषणाची मर्यादा मोडेल, आमच्या संशोधनाची चोरी होईल, असे त्या म्हणतात. यातला काही भाग खरा आहे. परंतु सुरक्षिततेची एवढी काळजी असेल, तर नेमके काय उघडू नये आणि का, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत स्पष्ट सांगणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. प्रत्यक्षात यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत इशारे पानोपानी असतात. आतल्या रचनेची एक आकृतीही नसते. माहिती दडवून सुरक्षितता वाढत नाही. अर्धवट माहितीवर चालणारी खटपट तेवढी वाढते.

हात आणि प्रतिष्ठा

तथापि सारा दोष कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखकाचाच अनुभव सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. म्हणजे मोटर फिरे, भांडे फिरेना. दोन दुकानांतून ‘नवा घ्या’ असा सल्ला मिळाला. शेजारी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी मिक्सर उलटा करून पाहिला आणि विचारले, ‘साहेब, उघडून पाहिलात का?’ पाहिला नव्हता. भांडे जिच्यावर बसते ती कप्लरची चकती झिजली होती, एवढेच. नवी चकती चहा-नाश्त्याच्या किमतीत आली. जुनी निघत नव्हती, कारण तिचे आटे उलटे असतात. ती उजवीकडे फिरविल्यावर सुटते. ही गोष्ट पाच मिनिटांत शिकता येते, आणि साठ वर्षांत मला ती शिकावीशी वाटली नव्हती. नळाचा वायसर बदलणे, कडीचा स्क्रू घट्ट करणे, सायकलचे पंक्चर काढणे ही कामे ‘माणूस बोलावून’ करून घ्यावयाची असतात, असा सुशिक्षित घरांचा एक अलिखित नियम आहे; आणि त्या नियमाच्या मुळाशी वेळेचा अभाव नाही, तर हाताच्या कामाविषयीचा कमीपणा आहे.

हा कमीपणा आला कोठून, हे सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त वर्णिलेल्या व्यवस्थेत दुरुस्तीची सोय पक्की होती. सुतार व लोहार यांनी वर्षभर नांगर, कुळव, मोट यांची निगा राखावी आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, असा तो शिरस्ता होता. अवजार मोडल्यावर नव्हे, अवजार चालते ठेवण्यासाठी मोबदला, ही त्यातली कल्पना आजच्या कोणत्याही वार्षिक देखभाल करारापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल. परंतु त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी हे स्मरावे, की याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपले आत्मकथन लिहिले, तेव्हा त्याला ‘बलुतं’ हेच नाव दिले. काम जातीला जखडलेले होते, आणि जो ते करी त्याचा हात उपयुक्त असला तरी तो मानाचा नव्हता. गावगाडा मोडला, मात्र हात मळविणारा खालचा आणि हुकूम देणारा वरचा, ही समजूत मोडली नाही. ज्याला स्वतःचा नळ दुरुस्त करणे कमीपणाचे वाटते, त्याला नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाविषयी आदर वाटणे कठीणच.

पाबळ आणि जामखेड

ही समजूत शाळेतच मोडता येते, आणि त्याचा पुरावा शेजारीच आहे. पारनेर, श्रीगोंद्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. खासगी कंपनीतील संशोधकाची उत्तम नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने ग्रामीण मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, बांधकाम अशी कामे प्रत्यक्ष करीत विज्ञान शिकविले, आणि या ‘मूलभूत तंत्रज्ञाना’ला पुढे माध्यमिक शिक्षणात विषय म्हणून मान्यताही मिळाली. मुलांनी गावातली खरी कामे करावीत, त्यांतून शिकावे, हा त्या शिक्षणाचा गाभा. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमचेच हे यंत्रयुगातील रूप म्हणता येईल. मात्र बहुसंख्य शाळांत कार्यानुभवाचा तास आजही गुणपत्रिकेतील एका ओळीपुरता उरतो.

दुसरे उदाहरण जिल्ह्यातलेच आहे, आणि ते वरकरणी यंत्राशी संबंधित नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ज्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, अशा खेड्यातील स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, बालसंगोपन आणि साध्या आजारांवरील उपचार शिकविले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांनी शस्त्रक्रिया केल्या नाहीत. कोठे थांबावे आणि रुग्णाला केव्हा इस्पितळात पाठवावे, हेही त्या शिकल्या. मानवी देहाविषयीचे ज्ञान निरक्षर स्त्रीच्या हाती विश्वासाने देता येते, तर पंप आणि मोटारसायकल यांचे ज्ञान शेतकऱ्याच्या हाती देण्यात भय कसले?

थांबण्याची ही विद्या घरगुती दुरुस्तीतही तितकीच मोलाची आहे. मेन स्विच बंद केल्याखेरीज विजेच्या जोडणीला हात लावू नये. मायक्रोवेव्हमधील कपॅसिटर वायर काढल्यानंतरही प्राणघातक विद्युत्भार धरून ठेवू शकतो. गॅसची गळती, ब्रेक आणि विजेवरील वाहनाची बॅटरी हे हौशी प्रयोगाचे विषय नव्हेत. पण ज्याला वायसर बदलता येतो, त्यालाच कोणत्या कामाला कारागीर लागतो हे कळते, आणि कारागिराने मागितलेली मजुरी वाजवी आहे की नाही हेही कळते. स्वतः काम करून पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या श्रमाशी सहसा घासाघीस करीत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वाहनाबरोबर आणि शेतीच्या यंत्राबरोबर आतल्या रचनेच्या आकृतीसह मराठी पुस्तिका मिळावी. सुटे भाग ठरलेल्या मुदतीपर्यंत खुल्या बाजारात मिळावेत, आणि बिघाडाचे संकेत वाचण्याचे साधन तालुक्याच्या स्वतंत्र कारागिरालाही वाजवी किमतीत विकत घेता यावे. ही कामे कायद्याची आहेत. गावच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी पाने, पक्कड आणि टेस्टर यांची एक पेटी ठेवावी आणि पुस्तकाप्रमाणेच ती नोंदवहीत सही करून घरी नेता यावी. शाळेने वर्षातून काही दिवस तरी मुलामुलींच्या हातात ही पेटी द्यावी. यासाठी मात्र दिल्लीच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही.

खरेदीची पावती हाती आली म्हणजे मालकी आली, असे आपण समजतो. लूनाच्या स्वाराची मालकी वेगळी होती. प्लग हातात धरून तो आपल्या गाडीला ओळखत असे. आता त्याच्या नातवाच्या गाडीत प्लग नाही, बॅटरी आहे. त्या नातवाला आपली गाडी ओळखता येईल की नाही, हे काही अंशी कंपन्या आणि सरकार ठरवतील. उरलेले आपण ठरवायचे आहे. आणि त्याचा आरंभ घरातल्या गळक्या नळापासून करता येईल.