तांबडा समुद्र आणि ट्रंकेतले फोटो

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. युरोपचा माल दहा-पंधरा दिवस उशिरा पोहोचू लागला. आपल्या उरणकरांना ही बातमी परकी वाटत नाही. न्हावा-शेव्याचे बंदर दारातच आहे. तिथे जहाज वेळेवर लागले नाही, की कंटेनर अडतो, ट्रेलरवाला अडतो आणि त्याच्या घरची कमाईही अडते.

हे हल्ले झाले ते बाब-अल-मंदबच्या आसपास. अरबीत या नावाचा अर्थ अश्रूंचा दरवाजा. वर्गात नकाशावर ही जागा दाखवताना मी मुलांना सांगते, तुमच्यापैकी कुणाचे पणजोबा याच दरवाजातून गेले असतील. मुंबईहून हजला निघालेले जहाज इथूनच जिद्दाला पोहोचत असे. मोगल लाइनची ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’ आणि नंतरचे ‘अकबर’ ही नावे कोकणातल्या बुजुर्गांना अजून आठवतात. १९९५ नंतर समुद्रमार्गे हज बंद झाला.

त्या सफरीची खूण आपल्या घरांत एकच उरली आहे, ती म्हणजे फोटो. पूर्वी फोटो काढणे अनेक घरांत पसंत नव्हते. स्त्रियांचा तर नाहीच. हजच्या कागदपत्रांसाठी मात्र तो काढावाच लागे. त्यामुळे कित्येक घरांत दादी-नानीचा आयुष्यातला एकुलता एक फोटो तोच आहे. डोक्यावर ओढणी, नजर थेट कॅमेऱ्याकडे. उलटून पाहावे तर मागे काहीच लिहिलेले नसते. कोण, कुठली, कोणत्या साली गेली, हे सांगणारे माणूस गेले की तो चेहरा घरातच अनोळखी होतो.

जागांचेही तसेच आहे. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जासईच्या परिसरात गोळीबार झाला. पाच जण गेले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, मिठागरे आणि शेते भरावाखाली गेली. एखाद्या लग्नाच्या फोटोत वऱ्हाडामागे दिसणारा मिठाचा ढीग हा आज आपल्या तालुक्याचा दस्तऐवज आहे.

गाझाच्या बातम्यांत लोक पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून फोटो शोधताना दिसतात. घर गेल्यावर आपण इथे राहत होतो, हे सांगायला तेवढेच हाताशी राहते. अल्लाहच्या कृपेने आपले छप्पर शाबूत आहे. पण दमट हवा आणि वाळवी यांना युद्ध लागत नाही.

म्हणून एक विनंती. येत्या सुट्टीत ट्रंक उघडा. मुलांना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसवा. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, ते पुढून उठते. मोबाइलवर प्रत काढून नातलगांना पाठवा. स्त्रियांची नावे पूर्ण लिहा, ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर भागवू नका. आठवत असेल तर जहाजाचेही नाव लिहा. मग तांबड्या समुद्राची पुढची बातमी आली, की मुलाला नकाशावर नुसता निळा रंग दिसणार नाही. त्याला तिथून गेलेली आपली दादी दिसेल.