वर्गातील शेजार

दिल्लीत हिवाळा सुरू झाला की तीन-चार वर्षांच्या मुलांच्या शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. घर शाळेपासून किती अंतरावर आहे, थोरले भावंड त्याच शाळेत आहे काय, अशा बाबींना गुण असतात आणि त्यांची बेरीज करीत सुशिक्षित आईबाप आठवडेच्या आठवडे चिंतेत काढतात. येथे अभ्यागत म्हणून राहताना हे दृश्य मी जवळून पाहिले. या चिंतेमागे एक गृहीत आहे : मूल पुढे कोण होणार, हे शाळा ठरविते. साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीत भाबडे वाटेल. परंतु आपल्याही लेखनात ते निमूटपणे वावरत असते. लेखकाचा परिचय करून देताना आपण त्याची शाळा सांगतो, शिक्षणाचे माध्यम सांगतो आणि त्यातच त्याच्या वाङ्मयीन व्यक्तित्वाचा उलगडा झाला असे मानून पुढे जातो. हे कितपत ग्राह्य आहे, याचा विचार मराठीच्या आधारे करावासा वाटतो.

प्रथम विरुद्ध बाजूचा पुरावा घेऊ. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी उतरून घेतलेल्या त्यांच्या कविता १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या आणि मराठी कवितेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येईनासा झाला. उलटपक्षी, एकाच वर्गातून, एकाच गुरुजींच्या हाताखालून अगदी भिन्न वृत्तीची माणसे बाहेर पडतात, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. तेव्हा ‘शाळा माणूस घडविते’ हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. म्हणून शाळा निष्प्रभ ठरते काय? मला तसे वाटत नाही. तिचा प्रभाव आपण भलत्या ठिकाणी शोधतो, इतकेच. अभ्यासक्रम, माध्यम आणि नावलौकिक यांच्याआधी वर्गातील जागा पाहावयास हवी : कोणाला कोणाच्या शेजारी बसविले, आणि कोणाला वेगळे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातील शाळेच्या ज्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या, त्यांत धड्यांपेक्षा बैठक ठळक आहे. बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट न्यावयाचे आणि संध्याकाळी ते परत घरी आणावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवणार नाही. पाणी प्यावयाचे ते शिपायाने नळ सोडला तरच. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृतची वाट बंद असल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. या वर्गाने त्यांना घडविले असे म्हणावे, तर ते प्रतिकारातून. पण त्याच वर्गाने इतर मुलांनाही घडविलेच होते. ज्याला हवे तेव्हा नळ सोडता येतो, त्याच्या आठवणींत त्या नळाला सहसा स्थान नसते. आपली जागा स्वाभाविक आहे असे मानावयास शिकविणे, हाही शाळेचा संस्कारच होय. किंबहुना तोच अधिक खोल, कारण तो ज्याच्यावर होतो त्याला दिसत नाही.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) हा प्रश्न आणखी पुढे नेते. नागपूरच्या शाळेत जुन्या वळणाच्या ब्राह्मण शिक्षकाने या दलित मुलीला कोणताही भेद न करता संस्कृत शिकविले. येथे शाळेने अपेक्षेच्या नेमके उलट वर्तन केले. तथापि संस्कृतात एम.ए. होऊनही नोकरीची दारे लवकर उघडली नाहीत. ती उघडली आंतरजातीय विवाहानंतर, नवे आडनाव लागल्यावर. याचे श्रेय सोमकुवरांच्या कुमुदला की पावड्यांच्या, हा त्यांचा रोखठोक सवाल आहे. शाळेने विद्या दिली. त्या विद्येची किंमत मात्र शाळेबाहेर ठरली.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या येथील अनेक खाजगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्क्यांचे बंधन देशभर आणले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील अशा शाळांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. गरीब मुलांसह शिकलेली संपन्न घरची मुले अधिक उदार आढळली; शर्यतीसाठी सोबती निवडतानाही ती गरीब मुलाला कमी टाळत होती. हिंदी व गणिताच्या गुणांत फरक पडला नव्हता. इंग्रजीत किंचित घट दिसली. पालकांना ही घट मोठी वाटेल. मला ती स्वस्त वाटते.

शेजार म्हणजे समता नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. एका बाकावर बसलेली मुले संध्याकाळी वेगवेगळ्या वस्त्यांत परततात आणि आडनाव त्यांच्या आधी नोकरीच्या दारात पोहोचते. शाळा हे सारे मोडू शकत नाही. पण तिच्या हाती असलेली एक गोष्ट दुसऱ्या कोणाच्या हाती नाही : ज्याच्याशी घरातून कधीच गाठ पडली नसती, अशा मुलाशेजारी ती आपल्याला वर्षानुवर्षे बसवू शकते. आणि ती बसवीत नाही, तेव्हाही ती शिकवीतच असते.

आत्मचरित्रांच्या अभ्यासकाने म्हणून लेखक कोणत्या शाळेत गेला एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या शेजारी कोण होते, वर्गाबाहेर कोण होते, आणि यांपैकी काय त्याला आठवते, हे विचारावे. जे आठवत नाही, त्यानेच तो बहुधा अधिक घडलेला असतो. दिल्लीच्या आईबापांच्या गुणपत्रिकेत या प्रश्नाला रकाना नाही. आपल्या चरित्रात्मक टीकेतही तो अद्याप नाही.